मंद स्वराची कैफियत

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे जुन्या नाशकातील पिंपळपारावर मैफल भरते, आणि तिला लोटलेली गर्दी पाहून बाहेरगावचा पाहुणा असे समजून जातो, की या शहराचा कान अद्यापि रागदारीशी एकनिष्ठ आहे. परंतु तोच पाहुणा चार महिने येथे मुक्कामाला राहिला आणि कालिदास कलामंदिर, परशुराम साईखेडकर नाट्यगृह, कुर्तकोटी सभागृह यांच्या दारांवरील फलक वाचीत गेला, तर हे शहर एरवी कोणत्या स्वराने हळवे होते हे त्याच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. भावगीतांची संध्याकाळ, ‘गीतरामायणा’तील निवडक गाणी, तलत, हेमंतकुमार आणि मुकेश यांची आठवण, अरुण दाते यांना वाहिलेली स्वरांजली, अशा नावांची तेथे रीघ लागलेली असते. श्रोते बहुधा साठी ओलांडलेले, गाणारे बहुधा त्यांच्या निम्म्या वयाचे, आणि गाणी या दोघांनाही सारखीच पाठ, असा हा एकंदर देखावा आहे.

या ओढीला स्मरणरंजन असे नाव देऊन तिची वासलात लावणारे लोक पुष्कळ आहेत, आणि तिच्यातच संस्कृतीचे सर्वस्व पाहणारे त्याहून अधिक आहेत. दोन्ही पक्षांची कैफियत ऐकून घेतल्यावर माझे मत असे झाले आहे, की ज्या गायनाच्या आठवणीने आपण व्याकूळ होतो, ते एका यंत्राने जन्मास घातले, एका विशिष्ट वर्गाने लाडाने वाढविले, आणि त्याची खरी खूण त्याच्या गोडव्यात नसून अदबीत आहे. श्रोत्यांची सभा समोर असताही एकाच माणसाशी बोलावे तसे गाणे, आवाज असूनही तो राखून ठेवणे, शब्दाला स्वराच्या आधी वाट देणे, हे सारे त्या अदबीत येते. आणि नवलाची गोष्ट ही, की जुन्या गाण्यांच्या पुनरुज्जीवनात सर्वांत आधी जी वस्तू गहाळ होते, ती हीच.

यंत्राची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. संगीत नाटकाच्या वैभवकाळी नटाला पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत आपला आवाज स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचवावा लागे. त्यामुळे पुरुषही उंच पट्टीत गात, ‘आ’कार मोकळा टाकीत, आणि पदाचे शब्द तानेच्या लोंढ्यात वाहून गेले तर त्याची फिर्याद कोणी फारशी करीत नसे, कारण पद श्रोत्यांना आधीच मुखोद्गत असे. ध्वनिमुद्रणातही प्रारंभी निराळी स्थिती नव्हती. कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गायकाने जोर लावावयाचा आणि त्या जोराने सुईने मेणावर रेघ ओढावयाची, असा तो व्यवहार होता. १९२५च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आले, १९२७च्या जुलैत मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि मायक्रोफोन नावाच्या त्या लहानशा डबीने गायकाच्या छातीवरील हे जुने ओझे एकाएकी उतरविले. कुजबूजसुद्धा आता दूरवर जाऊ शकत होती.

याचा लाभ साऱ्या जगाने घेतला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीने आणि मागाहून फ्रँक सिनात्राने ज्या हलक्या, कानाशी लागून बोलणाऱ्या आवाजावर एक सबंध पिढी लुब्ध केली, त्या आवाजाविरुद्ध १९३२ साली बोस्टनच्या कार्डिनलने धर्मपीठावरून आग पाखडली होती, आणि बी.बी.सी.ने तर १९४२ साली, ऐन महायुद्धात, पुरुष गायकांच्या निःसत्त्व वाटणाऱ्या गायनावर बंदीचा हुकूमच काढला होता. पुरुषाने एवढ्या मृदूपणे गावे यात कोणाला पौरुषाची हानी दिसली, कोणाला नीतीची. आपल्याकडे असे फर्मान कोणी काढले नाही. शास्त्रीय संगीताच्या कैवाऱ्यांनी नाके मुरडली, नाट्यसंगीताच्या भोक्त्यांनी ‘हे काय गाणे!’ असा शेरा मारला, आणि तेवढ्यावर प्रकरण दप्तरदाखल झाले. मराठीत या नव्या गळ्याला प्रतिष्ठा लवकर लाभली याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, तो कवितेचा हात धरून आला हे आहे.

रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवीत आणि लोक त्या गर्दी करून ऐकत. त्यामुळे कविता ही गावयाची वस्तू आहे हा समज मराठी मध्यमवर्गात आधीच रुजलेला होता. अशा वेळी, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, गोविंद नारायण जोशी या कायद्याचा अभ्यास केलेल्या तरुण गायकाने मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायिली आणि भावगीत नावाचा प्रकार घरोघर पोहोचला. पहिले भावगीत कोणाचे यावर जे. एल. रानडे यांचे चाहते वेगळा दावा सांगतात आणि तो वाद मिटण्यासारखा नाही. आपल्या विषयाला त्याची गरजही नाही. महत्त्वाचे ते तबकडीचे माप. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत सारे आटपले पाहिजे, ही त्या काळ्या चकतीची शर्त होती, आणि या शर्तीपुढे तानबाजीला जागा नव्हती, कवितेच्या तीन-चार कडव्यांना मात्र नेमकी होती. जोशी पुढे १९३८ साली हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत दाखल झाले आणि दीर्घ काळ इतरांचे आवाज मुद्रित करीत राहिले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या आठवणींत ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील वातावरण ज्याला हवे त्याने पाहावे.

गजाननराव वाटवे यांचे नाव येथे थांबून घेतले पाहिजे, कारण या गायकीचा नमुना शोधावयाचा तर तो त्यांच्यापाशीच सापडतो. हार्मोनियम स्वतः वाजवीत, बहुतेक चाली स्वतःच लावीत, ते गणेशोत्सवाच्या मंडपांतून आणि भर रस्त्यांतून काव्यगायन करीत, आणि हजारोंचा समुदाय निःशब्द बसून कविता ऐके. आजच्या मंडपांची गत ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट पुराणातील वाटेल. त्यांची जुनी तबकडी लक्ष देऊन ऐकावी. ओळीच्या अखेरीस, जेथे रंगभूमीवरचा गायक ‘आ’कार उंच फेकून टाळी घेईल, तेथे वाटवे स्वर हळूच सोडून देतात, त्याला झोकून देत नाहीत, ‘भ’, ‘फ’ अशी महाप्राण अक्षरे मायक्रोफोनवर आदळू नयेत इतक्या बेताने उच्चारतात, आणि वृत्ताचा तोल सांभाळून एखाद्याच शब्दावर किंचित रेंगाळतात, तो शब्द अर्थाच्या दृष्टीने कडव्याचा कणा असतो. एवढेच भांडवल. यात गळ्याची कसरत नाही, म्हणून ते सोपे असे मानून आजवर अनेक जण फसले आहेत.

(जाता जाता एक विनोद नोंदवून ठेवावासा वाटतो. ज्या पेटीवर हे सारे काव्यगायन उभे होते, त्या पेटीला १९४० साली आकाशवाणीने आपल्या आवारातून बरखास्त केले, श्रुतींच्या शुद्धतेसाठी! भावगीताने पेटीवाचून रेडिओवर संसार केला आणि पेटीसह रस्त्यावर. दोन्ही ठिकाणी त्याचे बरे चालले.)

रंगभूमीही या वाऱ्यापासून अलिप्त राहिली नव्हती. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली तेव्हा केशवराव भोळे यांनी त्यात पदांची संख्या आणि लांबी आवरती घेऊन भावगीताच्या अंगाची गाणी योजिली, आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या आवाजाने ती अशी काही रंगली, की ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांवाचूनही नाटकातले गाणे जगू शकते असे सिद्ध झाले. हळव्या गळ्याच्या आठवणी काढताना आपण पुरुषांचीच नावे घेतो हा अन्याय आहे; ज्योत्स्ना भोळे, माणिक वर्मा, मालती पांडे यांच्या वाचून या दालनाची अर्धी भिंत उरत नाही.

हिंदी बोलपटांनी याच सुमारास कुंदनलाल सैगल दिला. सैगल १९४७च्या जानेवारीत निवर्तले, परंतु पुढे कित्येक वर्षे रेडिओ सिलोनवर सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचे गाणे सैगलांचेच लागे, आणि सात वाजून सत्तावन्न मिनिटे झाली हे असंख्य घरांना घड्याळावाचून कळे. शाळेचा डबा, कचेरीची सायकल आणि त्या आवाजातील उदासी यांची सांगड मध्यमवर्गीय मनात अशी बसली, की एकाची आठवण दुसऱ्यावाचून निघत नाही. स्मरणरंजनाचे पुष्कळसे रहस्य अशा वेळापत्रकात असते. तलत महमूद यांच्या आवाजातील कंप हाही असाच. एरवी जो दोष ठरला असता तो मायक्रोफोनने गुण करून दाखविला, कारण तो कंप समोरच्या बाकावरसुद्धा नीट ऐकू न येण्याइतका सूक्ष्म होता.

सरकारी कृपेचाही दाखला येथे जोडला पाहिजे. १९५२ पासून केंद्रातील नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे होते आणि चित्रपटगीतांविषयी त्यांचा ग्रह सर्वश्रुत आहे. त्यांच्या अमदानीत सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले; श्रोते सिलोनकडे पळाले खरे, पण रिकाम्या झालेल्या जागेत सुगम संगीत नावाचे सोज्ज्वळ रोप लावण्यात आले, आणि मराठी कवी, संगीतकार व गायक यांना नियमाने काम देणारा एक आश्रयदाता लाभला.

त्या आश्रयाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून त्याचा आरंभ झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत आठवड्यामागून आठवडा असे छप्पन्न भाग प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचे. शूर्पणखेचा, सुवर्णमृगाचा, सीताहरणाचा प्रसंग ज्या पंचवटीत घडला असे परंपरा मानते, त्या पंचवटीच्या रहिवाशांनी हे रामायण कोणत्या ममत्वाने ऐकले असेल हे सांगावयास नको. परंतु लोकस्मृतीने या कृतीत केलेला एक फेरफार विचार करण्याजोगा आहे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, वाटवे, राम फाटक असे अनेक गळे होते, प्रत्येक पात्राला त्याचा आवाज होता. आज मात्र ‘गीतरामायण’ म्हटले, की बाबूजींचा एकच आवाज आठवतो, कारण पुढे गावोगाव ते एकट्यानेच सारी पात्रे गात. अनेक पात्रांचा तो रेडिओवरील प्रबंध श्रोत्यांच्या मनात एका माणसाचे कथन होऊन बसला. एकाने एकाला सांगितलेली गोष्ट हीच या गायनाची प्रकृती असल्यामुळे, स्मृतीने आपल्या परीने मूळ कृती दुरुस्त करून घेतली असे म्हणावयाला हरकत नाही. फडक्यांच्या गायनातील उच्चारशुद्धीचा आणि क्रियापदावर अलगद टेकण्याचा गुण सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते त्यांची थोरवी ही, की राम बोलतो तेव्हाही ते देवाचा आवाज काढीत नाहीत.

१९६२ साली आलेल्या ‘शुक्रतारा’ने या परंपरेला शेवटचा मोठा नायक दिला. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रा, आणि इंदूरच्या वातावरणात उर्दू गझलेचे संस्कार घेतलेला, व्यवसायाने वस्त्रोद्योगातील अभियंता असलेला अरुण दाते हा गायक. खळ्यांच्या चाली ऐकावयास मऊ आणि गावयास अवघड. दात्यांनी त्यातली अवघड बाजू श्रोत्याला कधी जाणवू दिली नाही. यशवंत देव यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेल्या गीतांतही गझलेची तीच अदब आहे, जिच्यात दुःखसुद्धा आवाज चढवून सांगणे असभ्यपणाचे समजतात. २०१८च्या मे महिन्यात दाते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी एका युगाचा अंत झाला असे लिहिले. हे वाक्य वृत्तपत्रे नेहमीच लिहितात, पण या खेपेस ते फारसे चुकले नव्हते.

नाशिकचा या साऱ्याशी संबंध केवळ श्रोत्याचा नाही. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६६ साली ‘ययाति आणि देवयानी’ या दोन नाटकांनी मराठी रंगभूमीवरील गाण्याला नवे वळण दिले, आणि या दोन्ही नाटकांचे लेखक नाशिककर होते: एक येथील महाविद्यालयात अध्यापन केलेले वसंत कानेटकर, दुसरे टिळकवाडीतील वि. वा. शिरवाडकर. संगीत दोन्हींना जितेंद्र अभिषेकी यांचे. अभिषेकींनी पदाचा विस्तार छाटला, शब्दाचा अर्थ स्वराच्या डोक्यावर ठेवला, आणि भावगीताने तीस वर्षांत कमावलेली समज रंगभूमीला परत केली. कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’त तर श्रीकांत मोघे यांनी बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवरून चालणारी जी गाणी म्हटली, ती ऐकताना गळ्याचा पराक्रम शोधणारा मनुष्य निराशच होईल, तेथे सारी करामत संवादाची आहे. एकंदरीत, ज्या संगीत नाटकाविरुद्ध मंद स्वराने बंड केले होते, त्याच्याच घरात तो तीस-पस्तीस वर्षांनी सन्मानाने राहावयास गेला, आणि या बदलाच्या संहिता नाशकात बसून लिहिल्या गेल्या.

येथवरची कथा सुरस आहे, पण ती पुरी नाही. ‘शीळ’ तबकडीवर येण्याच्या सुमारासच, २ मार्च १९३० रोजी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. दार उघडले नाही. याच जिल्ह्यातून भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला, आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचे वामनदादा कर्डक, मोठेपणी अक्षरओळख झालेले, हजारो गीते रचून गावोगाव गात फिरले. वस्तीच्या चौकात, उघड्या मैदानावर, कंदिलाच्या उजेडात गावयाचे असेल तर मंद स्वर कोणाच्या उपयोगाचा? तेथे खड्या आवाजाचेच काम होते, आणि तो आवाज एकाला उद्देशून नव्हता, सबंध समाजाला हाक मारणारा होता. २००४च्या मे महिन्यात वामनदादा गेले. त्यांची गाणी आजही जयंतीच्या मंडपांतून आणि वस्त्यांतून जिवंत आहेत. परंतु ‘सुवर्णकाळ’ या शीर्षकाखाली नाट्यगृहांतून जे जुन्या गाण्यांचे सोहळे होतात, त्यांच्या याद्यांत ती क्वचितच आढळतात. ज्याच्या घरी रेडिओ होता, ग्रामोफोन होता, आणि संध्याकाळी शांत बसून तो ऐकण्याची फुरसत होती, त्या वर्गाचा हा सुवर्णकाळ आहे, एवढी नोंद या प्रकरणात झालीच पाहिजे. त्यामुळे भावगीताचे मोल उणे होत नाही. मात्र आपण ज्याला ‘त्या काळचे गाणे’ म्हणतो ते त्या काळच्या काही घरांचे गाणे होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता आजच्या पुनरुज्जीवनाकडे वळतो. या कार्यक्रमांचा साचा ठरून गेला आहे: दोन गायक, दोन गायिका, सिंथेसायझर, ऑक्टोपॅड, आणि प्रत्येक गाण्यापूर्वी पाच मिनिटे कवीच्या आयुष्यातील हृद्य प्रसंग सांगणारा निवेदक, जो सांगून झाल्यावर ‘अशी गाणी आता होणे नाही’ असे म्हणून श्रोत्यांकडून टाळ्या वसूल करतो. गायक प्रामाणिक असतात. मूळ गायकाची हरकत न् हरकत त्यांनी घोटलेली असते, पट्टीही बहुधा तीच. परंतु ध्वनिव्यवस्था पाहणारा गृहस्थ आवाज इतका चढवितो आणि त्यात इतका प्रतिध्वनी मिसळतो, की जे गाणे कानाशी सांगावयाचे ते छातीवर आदळते. मग गायकही नकळत ओळीचा शेवट उंच फेकतो, टाळी येते, आणि वाटव्यांनी जे सोडून देण्यात कौशल्य मानले ते झोकून देण्यात परत जाते. ज्या यंत्राने माणसाला कुजबुजण्याची मुभा दिली, त्याचेच थोरले भावंड आज विसर्जनाच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हलविते, हा दैवदुर्विलास खरा; पण सुशिक्षितांच्या नाट्यगृहातही त्या भावंडाचेच राज्य चालावे, ही त्याहून दुःखाची गोष्ट आहे.

कराओकेच्या मंडळांविषयी मात्र माझे मत पुष्कळांहून सौम्य आहे. निवृत्त बँक-कर्मचारी, नाशिकरोडच्या मुद्रणालयात हयात घालविलेले कामगार, डॉक्टर, गृहिणी असे लोक सायंकाळी एकत्र जमतात आणि तयार वाद्यमेळावर तलत वा मुकेश गातात. त्यांची गायनाची कुवत बेताची असते, आणि नेमक्या त्या कारणाने ते आवाज फेकीत नाहीत. त्यांतला एखादा, डोळे पडद्यावरच्या अक्षरांत गुंतलेले, श्वास अपुरा पडत असलेला, स्वतःशीच गावे तसा गातो आणि क्षणभर मूळ अदबीच्या जवळ जातो, तेवढी जवळीक व्यावसायिक अनुकरणाला साधताना मी फारशी पाहिलेली नाही. येथेही प्रतिध्वनीची कळ कोणीतरी दाबून ठेवलेली असतेच, हा भाग वेगळा.

नव्या पिढीला हे गाणे कळत नाही असे म्हणण्याची वहिवाट आहे. ती मला मान्य नाही. कानांत लहानशी बोंडे घालून, एकटेपणी, ऐकणाऱ्या आजच्या तरुणाची बैठक रेडिओजवळ बसलेल्या त्याच्या आजोबांच्या बैठकीहून फार निराळी नाही, आणि हलक्या आवाजात गाणारे नवे गायक त्याला परके वाटत नाहीत. अडचण आहे ती नाट्यगृहात. शंभर-दीडशे आसनांचे एखादे दालन, एक मायक्रोफोन, एक पेटी, एक तबला, निवेदकाला रजा, आणि एकाच संध्याकाळी पूर्वार्धात वाटवे व उत्तरार्धात, तो मायक्रोफोनही बाजूला ठेवून, वामनदादा, असा कार्यक्रम नाशकातील एखाद्या संस्थेने एकदा करून पाहावा. तिकीटविक्रीचा आकडा काय येईल हे सांगता येत नाही. प्रायोजक तर मिळणारच नाही, कारण त्याचा फलक लावण्याइतका मोठा मंच तेथे नसेल.